'कोकण डान्स' लंडनच्या कपाटात तीस वर्षं पडून राहिला : गोवेकर गिटारिस्ट अमान्सिओ डिसिल्वा यांची गोष्ट

नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा या पट्ट्यात लग्नाची वरात निघाली की बँडच्या गाडीवर कीबोर्ड असतो, कर्णे असतात आणि बऱ्याचदा बेंजोही असतो. एका हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. हे वाद्य आपलंच वाटतं, पण त्याचं मूळ जपानचं. १९१२ च्या सुमारास नागोया शहरात तयार झालेलं 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य फिरत फिरत आपल्याकडे आलं, त्याचं बुलबुल तरंग झालं, मग बेंजो झालं, मग कुणीतरी त्याला वीज जोडली आणि ते वरातीत घुसलं. यात पूर्व-पश्चिमेचा संगम वगैरे झाला, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता याच्या बरोबर उलट्या प्रवासाची गोष्ट. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेली गिटार एका गोवेकराच्या हातात आली, ती मुंबईत वाढली आणि रागाचे सूर घेऊन लंडनला गेली. तिथे जाझमध्ये रॉक मिसळून एक नवीन संगीत तयार होत होतं. त्या घडामोडीच्या अगदी मध्यभागी हा माणूस बसला होता. नाव अमान्सिओ डिसिल्वा.

त्याच काळात जर्मनीतही असंच काहीतरी शिजत होतं, पण वेगळ्या चुलीवर. ब्रिटिश आणि जर्मन बँडमध्ये सरस कोण, यावर जुन्या रेकॉर्डचे शौकीन आजही हमरीतुमरीवर येतात. गंमत म्हणजे या दोन्ही चुलींजवळ एक मराठी तबलजी बसून आला होता. त्याच्याकडे येऊच. आधी अमान्सिओ.

१९३६ चा जन्म. घराणं गोव्याचं, वाढ मुंबईची. गोवेकर आणि संगीत हे नातं समजून घेतल्याशिवाय हा माणूस कळत नाही. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चला जोडून शाळा असायच्या. तिथे पोरांना प्रार्थनेसोबत सुरांची लिपी शिकवली जायची, व्हायोलिन हातात दिलं जायचं. शेती थोडी, नोकऱ्या त्याहून थोड्या, त्यामुळे ही पोरं वाद्य घेऊन ब्रिटिश हिंदुस्थानात पसरली. लष्करी बँड, मूकपटांचे वाद्यवृंद, मोठी हॉटेलं, संस्थानिकांचे दरबार, जिथे कागदावरचं संगीत वाचून वाजवणारा माणूस लागायचा तिथे गोवेकर हजर. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जाझ वाजायचं त्यात गोवेकर होते आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातही तेच होते. 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्याने ज्यांचं नाव घराघरात नेलं ते अँथनी गोन्साल्विस यातलेच. अनेक संगीतकारांच्या चाली ज्यांच्या हातून ऑर्केस्ट्रापर्यंत पोचल्या ते सेबॅस्टियन डिसोझाही यातलेच.

अमान्सिओ यांच्यापुढे हाच रस्ता होता. त्यात १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला आणि जाझ जिथे वाजायचं त्या नाइट क्लबांचा धंदा बसला. बरेच गोवेकर वादक सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. रोजचं काम, रोजचा पगार, पण चाल दुसऱ्याची आणि पडद्यावर नावही दुसऱ्याचं.

अमान्सिओ मात्र गिटार घेऊन जाझच्याच मागे राहिले. ते देशभर वाजवत फिरले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी त्यांच्या आश्रयदात्या झाल्या. पुढे लंडनला त्यांनी रचलेल्या दोन तुकड्यांची नावं 'महाराणी' आणि 'जयपूर' अशी आहेत. जॉईस नावाच्या आयरिश बाईंशी त्यांचं लग्न झालं, मुलं झाली.

त्यांची वाजवण्याची तऱ्हा थोडी समजून घेऊ. जाझ म्हणजे ढोबळमानाने असं, की खाली एकामागून एक स्वरगुच्छ बदलत राहतात आणि वाजवणारा त्या बदलत्या जमिनीवर आयत्या वेळी सूर रचत जातो. आपल्याकडे जमीन बदलत नाही. तंबोऱ्याचा षड्ज अखंड चालू असतो आणि कलाकार एकाच रागात खोल उतरत जातो. अमान्सिओ यांना दोन्ही हवं होतं. गिटारच्या खुंट्या जाझच्या, बोटं जाझची, पण वाक्य पुरं करण्याची पद्धत आपली. सूर सरळ लावून मोकळं व्हायचं नाही, तार ओढून त्याच्या जवळ जायचं. ऐकणाऱ्याला आधी वाटतं ही नेहमीची हॉटेलातली गिटार आहे, आणि दोन मिनिटांनी लक्षात येतं की हा माणूस आलापी करतोय.

१९६७ मध्ये त्यांनी कुटुंबासह लंडन गाठलं. नाव कमवायला नाही. मुलगा स्तेफानो आजारी होता आणि त्याच्यावर तिथे उपचार होणार होते. वय ३१, पदरात लेकरं, हातात गिटार, आणि शहर असं की जिथे गिटार वाजवणारे पैशाला पासरी.

तरी वेळ चांगली साधली होती. लंडनला भारतीय संगीताचं वेड लागलं होतं. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने सतार हातात घेतली होती, रविशंकर हे नाव कॉलेजातल्या पोरांना ठाऊक होतं. पण त्या गाजावाजापासून थोडं दूर जाझवाल्यांमध्ये अधिक गंभीर काम चाललं होतं. कलकत्त्यात जन्मलेले अँग्लो-इंडियन संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाहून आलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी मिळून एक दुहेरी पंचक उभं केलं होतं. पाच जाझवाले एका बाजूला, पाच मेयर यांचे वादक दुसऱ्या बाजूला. 'इंडो-जाझ स्वीट' ही त्यांची १९६६ ची रेकॉर्ड. तबल्यावर होते केशव साठे.

हेच ते मराठी तबलजी. साठे यांचा जन्म १९२८ चा, मुंबईचा. ते लंडनला स्थायिक झाले होते आणि सतारवादक देवन मोतीहार यांच्यासोबत वाजवत असत.

लंडनमधल्या या कामामागे डेनिस प्रेस्टन हा निर्माता होता. पश्चिम लंडनमध्ये त्याचा लॅन्सडाउन नावाचा स्टुडिओ. तो आपल्या पैशाने रेकॉर्डिंग करायचा आणि ती ईएमआयसारख्या बड्या कंपनीला द्यायचा. त्या कंपनीच्या कोलंबिया लेबलवर त्या रेकॉर्डी निघायच्या. त्याने अमान्सिओ यांना ऐकलं आणि १९६९ या एका वर्षात त्यांच्या दोन रेकॉर्डी केल्या.

पहिली 'इंटिग्रेशन'. सोबतीला डॉन रेंडेल आणि इयन कार, म्हणजे त्या वेळच्या ब्रिटिश जाझमधली सगळ्यात मानाची जोडी. नाव तेवढं नीट बघा. आदल्या वर्षी, एप्रिल १९६८ मध्ये, इनॉक पॉवेल या खासदाराने स्थलांतरितांविरुद्ध भाषण ठोकून अख्खा ब्रिटन ढवळून काढला होता. त्या वातावरणात एका सावळ्या माणसाच्या रेकॉर्डवर 'एकात्मता' असा शब्द छापला जाणं ही नुसती संगीताची बाब नव्हती. आणि रेकॉर्डवरच्या रचना अमान्सिओ यांच्या होत्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी रेकॉर्ड 'हम दोनो'. देव आनंदच्या १९६१ च्या सिनेमाचं हेच नाव. इथले दोघं म्हणजे अमान्सिओ आणि जो हॅरियट, एक गोवेकर आणि एक जमैकन. दोघंही ब्रिटिश साम्राज्याने जोडलेल्या जगातून राजधानीत येऊन पोचलेले. सोबत पुन्हा इयन कारचं ट्रम्पेट आणि नॉर्मा विन्स्टन ही गायिका. ती शब्द गात नाही, फक्त सूर लावते. आपल्याकडच्या श्रोत्याला हे आकारातल्या आलापासारखं वाटेल. या रेकॉर्डवर 'बॅलड फॉर गोवा' आहे, 'जयपूर' आहे, आणि 'स्तेफानोज डान्स' नावाचा तुकडा आहे. ज्या मुलाच्या उपचारांसाठी घर सोडलं, त्याचा नाच.

तो तुकडा ऐकताना आजारपण वगैरे आठवत नाही. तो चक्क उड्या मारतो.

आता जरा जर्मनीकडे जाऊ, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

ऑक्टोबर १९६७. अमान्सिओ लंडनला आले त्याच वर्षी केशव साठे, देवन मोतीहार आणि तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर असे तिघं जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या फिलिंगेन या लहानशा गावात रेकॉर्डिंगला बसले होते. बोलावणारा माणूस योआखिम-एर्न्स्ट बेरेंट, नैऋत्य जर्मनीच्या सरकारी रेडिओचा जाझ संपादक. जाझवरचं त्याचं पुस्तक जगभर खपलेलं. समोर बसली होती पियानोवादक इरेन श्वाइत्सर, तिच्यासोबत बासवर उली ट्रेप्टे, ड्रमवर मानी नॉयमायर, आणि पाहुणे म्हणून ट्रम्पेटवादक मानफ्रेड शूफ आणि सॅक्सोफोनवादक बार्नी विलें. रेकॉर्डचं नाव 'जाझ मीट्स इंडिया'.

त्यातल्या एका तुकड्याचं नाव आहे 'ब्रिगाख अँड गँजेस'. ब्रिगाख ही फिलिंगेनमधून वाहणारी छोटी नदी. पुढे ती दुसऱ्या एका नदीला मिळते आणि तिची डॅन्यूब होते. म्हणजे गावची नदी आणि गंगा. अमान्सिओ यांच्या 'इंटिग्रेशन'वरही गंगेच्या नावाचा तुकडा आहे, पण तिथे नुसतं 'गँजेस'. शेजारी टेम्स नाही की काही नाही.

या दोन नावांत दोन देशांचा फरक दिसतो. जर्मनीत भारतीय संगीत पाहुणं होतं. त्याचा मान मोठा, त्याला वेळ भरपूर दिला जाई, पण बसायचं समोरच्या पाटावर. आधी एक बाजू वाजवणार, मग दुसरी, मग दोघं मिळून. ब्रिटनमध्ये अमान्सिओ एकाच पाटावर बसले होते. चाल त्यांची होती आणि इंग्रज वादक ती वाजवत होते. जुनं साम्राज्य या गोष्टीला कारणीभूत आहे, हे कबूल करायला हवं. गोव्याच्या शाळेतून आलेली सुरांची लिपी, मुंबईच्या हॉटेलातलं जाझ आणि बोलायला इंग्रजी, हे सगळं घेऊन आलेला माणूस लंडनला भाषांतराविना समजत होता. जर्मनीचं भारताशी असं घरगुती नातं नव्हतं.

फिलिंगेनच्या त्या रेकॉर्डिंगनंतर काय झालं ते बघा. उली ट्रेप्टे आणि मानी नॉयमायर यांनी १९६८ मध्ये 'गुरू गुरू' नावाचा बँड काढला. ट्रम्पेटवाल्या शूफच्या चमूत याकी लीबेत्साइट नावाचा ड्रमर होता, तो 'कॅन' या बँडमध्ये गेला. ज्या संगीताला पुढे ब्रिटिश पत्रकारांनी थोड्या टिंगलीने 'क्राउटरॉक' म्हटलं, म्हणजे कोबीच्या लोणच्याचं रॉक, त्याचे हे दोन खांब.

हे सगळे मुक्त जाझ वाजवून आलेले होते. मुक्त जाझ म्हणजे ताल नाही, ठरलेली चाल नाही, प्रत्येकाने मोकाट सुटायचं. त्याचा कंटाळा आल्यावर लीबेत्साइटने उलटं टोक गाठलं. एकच ठेका धरायचा आणि तो सोडायचाच नाही, दहा मिनिटं, वीस मिनिटं. प्रत्येक फेरीत एखादी टकटक इकडची तिकडे. आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. ठेका आवर्तनांत फिरतो आणि वर काय वाटेल ते घडतं, हे आपण भजनातही ऐकतो. पण पाश्चात्त्य संगीताला गोष्ट पुढे सरकलेली लागते. सुरुवात, मध्य, टोक. जर्मन पोरांनी ते सोडून दिलं.

का सोडलं? नाझी राजवटीने जाझला हलकं आणि परकं ठरवून त्याची गळचेपी केली होती. युद्धानंतर वाढलेल्या पिढीला आईबापांची गोडगोड गाणी नको होती आणि अमेरिकन-ब्रिटिश गाण्यांची नक्कलही पुरेशी वाटत नव्हती. जुनं सगळं पुसून कोऱ्या पाटीवर काहीतरी लिहायचं होतं. म्युनिकमध्ये बँडच्या बँड एका छपराखाली राहत, एका हंडीत शिजवत. दुसरी गोष्ट पैशाची. जर्मनीत युद्धानंतर रेडिओ एका केंद्राकडे न ठेवता प्रांताप्रांतात वाटला गेला. जवळपास प्रत्येक रेडिओला आपला जाझ विभाग. रेकॉर्ड खपो न खपो, रेडिओवर वाजवण्याचं काम मिळे. परदेश दौऱ्यांसाठी गोएथे इन्स्टिट्यूटसारखी सरकारी मदतीवर चालणारी संस्था होती.

ब्रिटनची तऱ्हा वेगळी. तिथे मुक्त सुटण्यापेक्षा बांधणीवर भर. 'हम दोनो'मध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या इयन कारने १९६९ च्या अखेरीस 'न्यूक्लिअस' हा बँड काढला आणि पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या माँत्रो महोत्सवात पहिलं बक्षीस मारलं. त्यांची 'इलॅस्टिक रॉक' ही १९७० ची रेकॉर्ड ऐकली तर फरक लगेच कळतो. बास गिटारवर एक घट्ट वाक्य, त्यावर कागदावर लिहिलेली चाल, मात्रा पाच किंवा सात अशा अवघड, मग प्रत्येकाला मोजून मोकळीक. 'सॉफ्ट मशीन'चंही तेच, तिथे ऑर्गनचा खरखरीत आवाज. न्यूक्लिअसमधले काही वादक पुढे सॉफ्ट मशीनमध्येच गेले. ही माणसं स्टुडिओत शिस्तीत वाढलेली. तीन तासांचं सत्र, घड्याळ भिंतीवर, चूक करायची नाही.

म्हणून ब्रिटिश रेकॉर्ड घरी बसून ऐकायला जास्त सुरेख. जर्मन रेकॉर्डमध्ये मधली पाच मिनिटं कंटाळा येतो, पण सहाव्या मिनिटाला असं काही होतं की ब्रिटिशांच्या स्वप्नातही येणार नाही. अर्थात जर्मनांमध्येही टापटिपीचे लोक होते. क्लाउस डोल्डिंगरचा 'पासपोर्ट' हा बँड ऐकून तो जर्मन आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे ही वाटणी अगदी कुंपण घातल्यासारखी नाही.

अमान्सिओ यांच्याकडे परत. १९७१ मध्ये त्यांची 'रिफ्लेक्शन्स' ही रेकॉर्ड आली, थोडी हळुवार, दिवाणखान्यात लावण्याजोगी. पोटापाण्याचं काम म्हणून तिच्याकडे बघायला हरकत नाही. खरी उडी १९७२ ची. बँडचं नाव 'कॉस्मिक आय', रेकॉर्डचं नाव 'ड्रीम सिक्वेन्स'. दोन बाजू, आणि दोन्ही मिळून एक लांबलचक स्वप्न. सतारीला विराम जसानी, व्हायोलिनला जॉन मेयर, आणि तबल्यावर केशव साठे.

म्हणजे फिलिंगेनमध्ये भावी 'गुरू गुरू'वाल्यांच्या समोर बसलेले साठे पाच वर्षांनी लंडनमध्ये अमान्सिओ यांच्या शेजारी बसले. आणि ही रेकॉर्ड अमान्सिओ यांच्या सगळ्या कामात जर्मन तऱ्हेच्या सगळ्यात जवळ जाणारी आहे. इथे तुकडे नाहीत, प्रवाह आहे. ठेका फिरत राहतो आणि गिटार घाई करत नाही. तरी जर्मनांसारखी ती अंगणभर पसरत नाही. कुठे थांबायचं हे आधी ठरलेलं जाणवतं. दोन्हीकडचं बरं तेवढं उचललंय असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

ती निघाली ईएमआयच्याच रीगल झोनोफोन लेबलवर. हे लेबल जाझचं नव्हे, रॉकचं. प्रोकोल हॅरम, जो कॉकर अशी मंडळी तिथली. म्हणजे कंपनीला ही रेकॉर्ड जाझच्या दुकानात न ठेवता लांब केसांच्या पोरांना विकायची होती. जमलं नाही. जाझवाल्यांना ती रॉक वाटली, रॉकवाल्यांना त्यात गाणं सापडेना.

इथे एका दुसऱ्या गिटारिस्टचं नाव घ्यावंच लागतं. यॉर्कशायरचा जॉन मॅकलॉफलिन. १९६९ मध्ये, अमान्सिओ यांची 'इंटिग्रेशन' आली त्याच वर्षी, त्याने लंडनमध्येच आपली पहिली रेकॉर्ड केली आणि अमेरिकेचं विमान धरलं. तिथे माइल्स डेव्हिससोबत वाजवलं, श्री चिन्मय यांचं शिष्यत्व घेतलं आणि १९७१ मध्ये 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. पुढे झाकिर हुसेन आणि एल. शंकर यांच्यासोबत 'शक्ती'. भारतीय नाव, भारतीय अंगाची गिटार, आणि जगभर भरलेली सभागृहं. मॅकलॉफलिन थोर आहे यात वाद नाही, त्याने आपल्याकडचं संगीत मन लावून शिकलं. पण ज्याला हे संगीत घरातून मिळालं होतं तो गोवेकर त्याच वर्षांत लंडनमध्ये आपली पुढची रेकॉर्ड निघण्याची वाट बघत होता. अमेरिकेला जाणं त्याला का जमलं नसेल, हे आजारी लेकरू असलेल्या कुठल्याही बापाला विचारावं.

ती पुढची रेकॉर्ड म्हणजे 'कोकण डान्स'. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लॅन्सडाउनमध्येच ध्वनिमुद्रित झालेली. डॉन रेंडेल पुन्हा सोबत, सतारीवर क्लेम आल्फर्ड, तबल्यावर साठे. एका तुकड्याचं नाव 'अ स्ट्रीट इन बॉम्बे'. रेकॉर्ड तयार झाली आणि कपाटात गेली. निघालीच नाही.

तो काळच तसा होता. बड्या कंपन्यांनी ब्रिटिश जाझमधून हात काढून घ्यायला सुरुवात केली होती. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले. रेकॉर्डचं प्लॅस्टिक तेलापासूनच बनतं. १९७४ च्या सुरुवातीला तर वीज वाचवायला ब्रिटनमधले कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालत. अशा वेळी गिटार-सतार-तबल्याची रेकॉर्ड कोण काढणार? जो हॅरियटचं तर त्याआधीच, जानेवारी १९७३ मध्ये, निधन झालं. वय ४४, हातात पैसा नाही, क्षयाने आणि कर्करोगाने पोखरलेलं शरीर. 'हम दोनो'मधला एक गेला.

इथे जर्मन व्यवस्थेचं महत्त्व कळतं. तिथले बँडही खस्ता खात होते, पण कंपनीने दार लावलं म्हणून संगीत थांबलं असं सहसा झालं नाही. म्युनिकचा 'एम्ब्रियो' हा बँड घ्या. क्रिस्तियान बुर्खार्ड या ड्रम-व्हायब्राफोनवाल्याने १९६९ मध्ये तो सुरू केला. लोक आले-गेले, बुर्खार्ड राहिला. १९७८ मध्ये या मंडळींनी बसमध्ये वाद्यं घातली आणि तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असं करत थेट भारत गाठला. वाटेत ज्याच्यासोबत जमेल त्याच्यासोबत वाजवलं. 'एम्ब्रियोज रायझे' ही त्या प्रवासाची १९७९ ची जोड रेकॉर्ड. लगेचच इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन रणगाडे शिरले आणि तो रस्ता बंद झाला. पण त्यांनी तो वेळेत ओलांडला होता. भारतात राहून नागस्वरम शिकलेला अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो याच लोकांचा सोबती. ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू युरोपात गेले ते याच वर्तुळात मिसळले आणि हॅम्बुर्गला राहिले. भारतीय माणूस तिथेही समोरच्या पाटावरून हळूहळू शेजारच्या पाटावर आला, पण त्याला दहा वर्षं लागली. लंडनने ते पहिल्या दिवशी दिलं आणि चार वर्षांत परत घेतलं.

केशव साठे यांचं बरं चाललं, कारण तबलजीला कुठल्याही पंगतीत जागा मिळते. १९७२ मध्ये ते क्लेम आल्फर्डसोबत 'मॅजिक कार्पेट' या बँडमध्ये होते. पुढे जॉन रेनबोर्न या इंग्रज लोकसंगीतवाल्याच्या चमूत वर्षानुवर्षं वाजवलं. इंग्लंडच्या मध्ययुगीन गाण्यांना मराठी माणसाचा तबला, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण १९७७ ची त्यांची 'अ मेड इन बेडलम' ऐकल्यावर तसं मुळीच वाटत नाही.

अमान्सिओ यांच्या नावावर त्यानंतर मोठ्या कंपनीची रेकॉर्ड नाही. वाजवणं सुटलं नाही. लंडनमधल्या एका कलाकेंद्रात ते शिकवायला लागले. वेगवेगळ्या देशांतून आलेली पोरं गिटार घेऊन समोर बसायची. ऐंशीच्या दशकात क्लेम आल्फर्डसोबत पुन्हा थोडं काम झालं, तेही बराच काळ लोकांपर्यंत पोचलं नाही. मुंबईत राहिले असते तर सिनेमाच्या स्टुडिओत पंचवीस वर्षं नक्की काम मिळालं असतं. पण त्या चाली त्यांच्या नसत्या.

स्तेफानो मोठा झाला आणि त्यानेही गिटार हातात घेतली.

जुलै १९९६ मध्ये अमान्सिओ डिसिल्वा यांचं लंडनमध्ये निधन झालं. वय ६०. आपल्याकडे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. गोवेकरांना ते मुंबईचे वाटत, मुंबईकरांना ते विलायतेचे, आणि मराठी वाचकाला जाझशी काय देणंघेणं!

नंतर मात्र काहीतरी हललं. लंडनमधल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत 'हम दोनो'ची मूळ प्रत शोधणारे वाढले. थोड्याच छापलेल्या, त्यामुळे किंमत शेकडो पौंडांवर गेली. ज्या रेकॉर्डीतून वादकाच्या घरी फारसं काही आलं नाही, ती काचेआड ठेवून विकली जाऊ लागली. त्यातून पुनर्मुद्रणं सुरू झाली. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश आणि जर्मन बँडच्या चर्चेत न्यूक्लिअस, सॉफ्ट मशीन, कॅन, एम्ब्रियो यांच्यासोबत 'कॉस्मिक आय' हे नाव येऊ लागलं.

आणि २००६ मध्ये, ध्वनिमुद्रणानंतर तीस वर्षं उलटून गेल्यावर, 'कोकण डान्स' बाहेर आला. गिटार वाजवणाऱ्याला जाऊन तेव्हा १० वर्षं झाली होती. तबला वाजवणारे केशव साठे ७८ वर्षांचे होते, लंडनमध्येच. ते २०१२ मध्ये गेले.